नीट बोलणारी आई

शेजारच्या आजींना दोन आवाज होते. त्यातला खरा मला ऐकायला मिळाला आणि त्यांच्या पोटच्या मुलाला मिळाला नाही. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि त्याचं सगळं आयुष्य त्या भाषेत गेलेलं. आजी आता नाहीत. पण त्यांचा मुलगा अजून शेजारीच राहतो. सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर काढताना रोज दिसतो.

कार्डिफमधलं आमचं घर रांगेतलं, भिंतीला भिंत लागून. डावीकडे ही मायलेकरं. लेक पंचावन्नच्या पुढचा, युनिव्हर्सिटीत प्राध्यापक. दोघं बास्क. स्पेनच्या उत्तरेला समुद्राकाठी हे लोक राहतात, आणि त्यांच्या भाषेचं स्पॅनिशशीच काय, जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं नाही. हे मला नंतर कळलं. आधी मी आपली त्यांना स्पॅनिश समजून कुंपणावरून जोरात ‘ओला’ म्हणायची. आजी बिचाऱ्या हसून मान हलवायच्या. एकदा लेकानंच हळूच सांगितलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी हेल्थ बोर्डाच्या आयटीत आहे, आणि बहुतेक दिवस घरूनच काम करते. आजींचं हृदय कमजोर, पाय सुजायचे, दम लागायचा. प्राध्यापकांनी विचारलं, दुपारी जरा लक्ष ठेवाल का? म्हटलं, लक्ष कसलं ठेवायचं, आणून सोडा माझ्याकडे. तेव्हापासून दुपारी आजी माझ्या स्वयंपाकघरात. मी लॅपटॉप घेऊन टेबलाच्या एका टोकाला, त्या दुसऱ्या टोकाला. त्यांना नुसतं बसवायचं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातली मेथीची जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागल्या. गावी बंदरावर मासेमारीची जाळी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. बोटं वाकडी झाली होती, पण थांबत नव्हती.

आणि तोंडही थांबत नव्हतं. काय बोलायच्या, बाप्पा! घोगरा, मोठा आवाज, मध्येच टेबलावर थाप, मध्येच कुणाची तरी नक्कल, मग स्वतःच खो खो हसायच्या. कधी एकदम डोळ्यांत पाणी. मला एक शब्द समजत नव्हता. मग मीही सुरू व्हायची. मी वऱ्हाडातली, नागपूरला वाढलेली. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींमध्ये मी जपून बोलते, पण आजींसमोर कशाला जपायचं? “मले काई समजून नाही राहिलं माय, पण तू बोल,” असं म्हणायची. आमच्याकडे आजीला तूच म्हणतात. त्या माझं पूर्ण ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या, आणि मग त्यांचं सांगायच्या. मीटिंगमध्ये माइक म्यूट करून मी त्यांना हुंकार द्यायची. माझ्या नवऱ्याला वाटायचं आम्हाला वेड लागलंय.

संध्याकाळी लेकानं बेल वाजवली की सगळं बदलायचं. आजी हातातलं खाली ठेवायच्या, केस कानामागे सारायच्या, पाठ ताठ करायच्या. आणि मग एक दुसराच आवाज निघायचा. बारीक, सावकाश, शब्दाशब्दाला अडखळणारा. साहेबासमोर उभं राहून बोलतो ना आपण, तसा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मायलेकरांचं भांडण झालंय. तसं काही नव्हतं. त्या आपल्या मुलाशी नीट बोलत होत्या.

म्हणजे काय, हे त्यानं मला एका रविवारी बागेत उभं राहून सांगितलं. बास्क भाषा गावागणिक वेगळी. या खोऱ्यातल्या माणसाला त्या खोऱ्यातलं बोलणं धड कळायचं नाही. त्यात स्पेनमधल्या हुकूमशाहीच्या काळात शाळेत ती बोलायला बंदी. आजी लहान असताना त्यांच्या वर्गात एक अंगठी फिरायची. जो बास्क बोलताना सापडेल त्याच्या बोटात ती घालायची, आणि दिवस संपताना ज्याच्याकडे असेल त्याला छड्या. मुलं एकमेकांना पकडून द्यायची. ऑफिसातल्या वेल्श मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडे वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. मास्तरांची डोकी सगळीकडे सारखीच चालतात, नाही का?

पुढे विद्वान मंडळी एकत्र बसली आणि सगळ्या बोलींतून एक प्रमाण भाषा तयार केली. तिला बातुआ म्हणतात, म्हणजे एक केलेली. हुकूमशाही गेली, तशा त्या भाषेतल्या शाळा निघाल्या. गावातल्या अशा शाळेच्या पहिल्या वर्गात हा मुलगा होता. आईचा आनंद काय विचारता! जिच्यापायी आपण मार खाल्ला ती भाषा लेक पुस्तकातून शिकतोय, हे तिनं सगळ्या बंदराला ऐकवलं.

आणि लेक रोज घरी येऊन आईला सुधारायला लागला. असं नाही आई, असं म्हणायचं. हा शब्द आपल्या गावचा आहे, पुस्तकात वेगळा आहे. आई जाळं विणता विणता त्याच्यामागून म्हणायची. तो मोठा झाला, शिक्षक झाला, पुढे पाठ्यपुस्तकं तपासणाऱ्या समितीत गेला. एकदा युनिव्हर्सिटीतले मित्र घरी जेवायला आले होते, तेव्हा यानं बंदरावरच्या बायकांच्या बोलण्याची नक्कल केली. सगळे पोट धरून हसले. आईही हसली. त्यानंतर ती रोज टीव्हीवरच्या बातम्या लक्ष देऊन ऐकायला लागली, आणि हळूहळू मुलाशी तसंच बोलायला लागली.

“मला तेव्हा अभिमान वाटला होता,” तो म्हणाला. “आई शिकली, असं वाटलं.”

मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही. रागाला कारण माझ्या घरातलंही होतं. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मराठी वर्ग भरतो, तिथे माझी मुलगी जाते. एकदा येऊन म्हणाली, “आई, तुझा मराठी राँग आहे. टीचर म्हणाली तसं नाही बोलायचा.” जिला धड ‘तुझं’ म्हणता येत नाही ती मला शिकवतेय! मी तिला असं झापलं की ती जिन्यावर बसून रडली. नंतर जवळ घेतलं म्हणा. पण ती सल गेली नाही, आणि हा माणूस माझ्यासमोर उभा राहून तेच सांगत होता, वर अभिमान म्हणे.

आता त्याला ती जुनी भाषा हवी होती. बंदरावरच्या बायकांपैकी फारच थोड्या उरल्या होत्या. त्यांचं बोलणं जपून ठेवायला हवं, हे आता त्याच विद्वान मंडळींनाही पटलं होतं आणि गावोगावी रेकॉर्डिंग सुरू झालं होतं. आपल्या आईचं आपणच करू, असं त्यानं ठरवलं. रविवारी जेवण झालं की तो टेबलावर छोटा रेकॉर्डर ठेवायचा आणि विचारायचा, आई, जाळ्याच्या या भागाला काय म्हणायचीस? वादळ यायच्या आधी बायका काय बोलायच्या? आजी त्या दिवशी चांगला स्वेटर घालून बसायच्या. आणि मुलानं आयुष्यभर शिकवलेली, टीव्हीवरची, पुस्तकातली उत्तरं द्यायच्या. एकही गावचा शब्द नाही.

“असं नाही आई, घरी बोलायचीस तसं बोल,” तो म्हणायचा.

त्या म्हणायच्या, “मी आता नीट बोलते. तूच शिकवलंस.”

मग एकदा त्यानं स्वतःच गावच्या बोलीत सुरुवात केली. लहानपणी बोलायचा तसं. त्याला वाटलं, आईला बरं वाटेल, ती खुलेल. आजींचा चेहरा उतरला. त्या उठून उभ्या राहिल्या, टेबलाचा आधार घेत खोलीत गेल्या, आणि दारातून एवढंच म्हणाल्या, “माझी चेष्टा करू नकोस.”

हे सांगताना तो माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. आजी बाहेरच्या खोलीत आमच्या सोफ्यावर डुलकी काढत होत्या. मी म्हटलं, चांगली जिरली तुमची. असं बोलायला नको होतं, पण बोलले. “आधी तिच्या तोंडातून काढून घेतलीत, आता परत मागताय. कशी देईल ती? तुम्ही भाषावाल्यांनी काय मिळवलंत हो?”

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “कोर्टात काय बोलायचं? डॉक्टरकीची पुस्तकं कुठल्या खोऱ्याच्या बोलीत छापायची? एक भाषा केली नसती तर माझी सगळी पिढी स्पॅनिशमध्ये वाहून गेली असती. आज शाळेतली पोरं बास्क बोलतात ती बातुआमुळे. ते काम चूक नव्हतं. पुन्हा जन्मलो तरी तेच करीन.” मग त्यानं चहाचा कप बाजूला सारला. “पण मला माझी आई हवी आहे. ती माझ्याशी अशी बोलते जशी मी कुणी इन्स्पेक्टर आहे. ती जायच्या आधी एकदा तरी माझ्याशी माझ्या आईसारखं बोलावं, बस.”

तो म्हणत होता ते खरं होतं, आणि माझा रागही खरा होता. मी त्याला आणखी चहा दिला.

त्यानं मग विचारलं, दुपारी तुमच्याकडे बोलते तेव्हा फोन सुरू ठेवाल का, तिला न सांगता? मी साफ नाही म्हटलं. त्यांच्या पाठीमागे नाही करणार. दुसऱ्या दिवशी मी फोन सरळ आजींच्या समोर ठेवला, लाल बटण दाखवलं, खुणेनं विचारलं, चालेल का? त्यांनी फोनकडे पाहिलं. मेथी बाजूला सारली. हात मांडीवर ठेवले. आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखं बारीक आवाजात दोन वाक्यं बोलल्या. मी फोन उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. थोड्या वेळानं त्यांनी मेथी पुन्हा जवळ ओढली, पण त्या दुपारी गप्पच होत्या. मला इतकं वाईट वाटलं! आमच्या दोघींतही मी मास्तर आणून बसवला होता. परत घोगरा आवाज यायला त्या आठवड्याचा शुक्रवार उजाडला.

उन्हाळ्यात त्यांचं खाणं तुटलं. आधी वाटलं हृदयाचंच. मग पोटात काहीतरी वाढतंय असं निघालं. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि या वयात ऑपरेशन कुणी करणार नव्हतं. हॉस्पिटलमध्ये ठेवलं. आता फक्त त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं.

आणि तेच जमत नव्हतं. घरच्या माणसाला दुभाषा करत नाहीत, म्हणून वॉर्डनं फोनवर एक बास्क दुभाषी मिळवली. तरुण मुलगी, छान स्वच्छ बातुआ बोलणारी. ती फोनवर आली की आजी उशीवर सरकून जमेल तेवढ्या ताठ व्हायच्या. दुखतंय का? नाही, बरी आहे, आभारी आहे. रात्री झोप लागली? हो, आभारी आहे. लेक विचारायचा, तेव्हाही तेच. बरी आहे, बाळा, आभारी आहे. नर्स चांगल्या होत्या हो, परत परत विचारायच्या. पण पेशंट स्वतःच नाही म्हणत असेल तर औषध वाढवायचं कशाच्या आधारावर?

मी दुपारी जायची. मी एकटी असले की आजी माझं मनगट धरायच्या आणि सुरू व्हायच्या. तो जुना आवाज आता हसत नव्हता. लांब कण्हत, मध्येच दात आवळून, कितीतरी सांगत राहायच्या. “कोठी दुखून राहिलं वो माय?” मी विचारायची. त्या सांगायच्या. नक्की सांगत असणार. पण मला काय कळणार, कप्पाळ! बाहेर येऊन मी नर्सला सांगितलं, त्यांना खूप दुखतंय. तिनं विचारलं, कुठे? कसं? कधीपासून?

त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मी लेकाला गाठलं. म्हटलं, “रेकॉर्डर नको. पण तुम्ही पडद्यामागे उभे राहा. मी बोलते त्यांच्याशी. कुठे दुखतंय ते तरी कळेल.” पूर्वी मी नाही म्हटलं होतं ते माझ्या लक्षात होतं, त्याच्याही. पण आता दुखण्याचा प्रश्न होता. कसली तत्त्वं घेऊन बसायचं?

दुपारचं जेवण होऊन गेलं होतं. वॉर्डात जरा शांत होतं. खाटेभोवतीचा निळा पडदा मी ओढून घेतला. बाहेर तो उभा राहिला, पडद्याखालून त्याचे बूट दिसत होते. मी खाटेच्या अशा बाजूला बसले की आजींची पाठ तिकडे होईल. “कसं हाये आता, माय?” म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

त्या बोलल्या. थांबत थांबत, पण बोलल्या. एकदा माझा हात उचलून पोटाच्या उजव्या बाजूवर ठेवला, मग मागे पाठीकडे नेला. मी हुंकार देत होते. बूट हलत नव्हते. मग त्यांचा स्वर बदलला. दुखण्याचं संपवून त्या मला काहीतरी सांगायला लागल्या. विनवणीचा आवाज होता तो, तेवढं कळतंच. माझ्या हातावर दोनदा थोपटलं. मी मान हलवली, हव माय, हव. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. त्यांनी डोळे मिटले.

मी बाहेर आले तर तो भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक. आधी नर्सकडे गेला, तिला सगळं नीट सांगितलं, उजवीकडून पाठीत जातं, सकाळी जास्त असतं, किती दिवसांपासून आहे. नर्स लगेच डॉक्टरांना बोलवायला गेली. मग तो माझ्याजवळ आला.

“शेवटी काय म्हणाल्या?” मी विचारलं.

त्यानं मला पडद्यापासून जरा लांब नेलं.

“ती म्हणाली, आता माझा मुलगा येईल. खूप शिकलेला आहे. त्याच्याशी तू बोल गं. मला नीट येत नाही.”

मला रडू फुटलं. तिथेच, ट्रॉल्या जा-ये करत होत्या त्यात. त्याच्यावर ओरडायची मला किती वेळा इच्छा झाली होती, पण त्या वेळी त्याच्याकडे बघवेना. मी म्हटलं, आत जा. काही बोलू नका, नुसते बसा. पण जा.

तो आत गेला. मी मागून गेले. पडद्याची हालचाल झाली तशी आजींनी डोळे उघडले. त्याला पाहिलं. गाऊनचा गळा सरळ केला, केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळल्या. कोपरानं मला हळूच ढोसलं. बोल.

मी त्याच्याकडे बघून इंग्रजीत म्हटलं, “तुमची आई म्हणतेय तिला फार दुखतंय.” तो इंग्रजीतच म्हणाला, “थँक यू. तिला सांगा, डॉक्टर येताहेत.” मी वळून वऱ्हाडीत सांगितलं, डॉक्टर येऊन राहिले, माय. आजी एकदा माझ्याकडे, एकदा मुलाकडे बघत होत्या. सगळं नीट बोललं जात होतं. त्यांनी समाधानानं मान हलवली.